स्क्रीनरमधून आलेल्या वीस नावांचं करायचं काय?

पी-ई, म्हणजे शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे ते, १५च्या आत. गुंतवलेल्या भांडवलावर परतावा २० टक्क्यांच्या वर. कर्ज जवळजवळ नाही. पाच वर्षांत विक्री दरसाल १२ टक्क्यांनी वाढलेली. एवढ्या चार अटी फोनवर टाकल्या की मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या पाच हजारांहून जास्त कंपन्यांमधून काही सेकंदांत पंधरा-वीस नावं समोर येतात. याला स्टॉक स्क्रीनिंग म्हणतात, आणि ते करून देणाऱ्या वेबसाइटला किंवा ॲपला स्क्रीनर. साध्या वापरापुरता तो बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो.

लातूर, नांदेड, परभणीकडे आता डिमॅट खात्याचं अप्रूप राहिलेलं नाही. मेडिकलवाले, शाळेतले सर, तिकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांतले सुपरवायझर, सगळ्यांच्या फोनमध्ये ते आहे. यातले जे थोडे अभ्यासू आहेत त्यांची पद्धत साधारण एकच असते. स्क्रीनर चालवायचा, आलेल्या नावांत पैसे सारखे वाटून टाकायचे आणि त्याला पोर्टफोलिओ म्हणायचं. पहिल्या पायरीबद्दल माझी तक्रार नाही, पुढच्या दोन्हींबद्दल आहे. स्क्रीनर प्रत्येक कंपनीला एकटीला तपासतो. पोर्टफोलिओत त्याच कंपन्या एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात, आणि तुमच्या नोकरी-धंद्याच्या शेजारीही. तिथे काय होतं हे दिसायची त्याला सोयच नाही.

(खाली कंपन्यांची नावं येतील ती मुद्दा समजावण्यापुरती. घ्या किंवा विका असं त्यातून काही सुचवायचं नाही.)

आधी स्क्रीनरच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू खरोखर भक्कम आहे. आपल्याकडे शेअर घेण्याची कारणं काय असतात? मेहुण्याने सांगितलं. टेलिग्रामवर आलं. कंपनी आपल्या गावची आहे. मला विचाराल तर यातलं तिसरं कारण सगळ्यात घातक, कारण ते कारण वाटतच नाही, अभिमान वाटतो.

छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना व्हिडिओकॉन वेगळी सांगायला नको. चितेगावचा कारखाना, धूत घराणं, घरोघरचा टीव्ही. पुढे कंपनी तेलात उतरली, मोबाइल सेवेत उतरली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने टू-जी मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले, त्यातले २१ व्हिडिओकॉनचे होते. कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 'कर्ज हे भागधारकांच्या पैशाच्या निम्म्याच्या आत हवं' एवढी एकच अट लावली असती, तरी ही कंपनी त्याआधी कित्येक वर्षं कुणाच्या यादीत आली नसती. स्क्रीनरला चितेगाव माहीत नाही, पैठण रोडवरची पाटी माहीत नाही, आपला चुलतभाऊ तिथे लायनीवर होता हेही माहीत नाही. एरवी ज्याला आपण कोरडेपणा म्हणू तो इथे त्याचा मोठा गुण आहे.

म्हणूनच स्क्रीनरचा खरा उपयोग नको त्या कंपन्या बाजूला काढायला होतो. त्यासाठीच्या अटी फार नाहीत. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले शेअर मोठ्या प्रमाणात गहाण ठेवलेत का, हे पाहा. बाजार पडला की गहाण शेअर सावकार विकायला काढतो आणि भाव आणखी पडतो. कर्ज पाहा. शेअरची रोजची उलाढाल पाहा, नाहीतर विकायच्या दिवशी समोर घेणाराच नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नफा आणि धंद्यातून आलेली रोकड शेजारी-शेजारी ठेवा. माल उधारीवर गेला तरी विक्री लिहिता येते आणि नफाही दाखवता येतो. वसुली झाली नाही तर रोख प्रवाहाच्या तक्त्यात ती उणीव उघडी पडते. पाच वर्षांचा एकूण नफा शंभर कोटी आणि त्याच पाच वर्षांत धंद्यातून आलेली रोकड वीस कोटी, अशी कंपनी मी पुढे वाचतसुद्धा नाही. एवढ्या गाळणीत यादी बरीच आटोपशीर होते, आणि हे काम माणसाने हाताने करायचं म्हटलं तर महिने जातील.

वगळून झालं की लोक त्याच जोमाने निवडायला लागतात, आणि गडबड तिथून सुरू होते.

पी-ई घ्या. कंपनीची बाजारातली एकूण किंमत भागिले वर्षाचा नफा, इतकं सोपं गणित. समजा एका जुन्या कंपनीची बाजारातली किंमत २४० कोटी आहे आणि वर्षाचा नफा २० कोटी. पी-ई आला १२. स्क्रीनरने टिकमार्क केलं. आता वार्षिक अहवाल उघडला तर कळतं की २० पैकी १२ कोटी शहरालगतची रिकामी जमीन विकून आलेले आहेत. जमीन काही दरवर्षी विकता येत नाही. धंद्याचा नफा ८ कोटीच, म्हणजे खरा पी-ई ३०. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू महाग निघाली, आणि स्क्रीनरने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. 'इतर उत्पन्न' आणि 'अपवादात्मक बाबी' या दोन ओळी उघडून पाहायचं काम आपलं होतं.

भागधारकांच्या पैशावरचा परतावा, ज्याला सगळे आरओई म्हणतात, तो तर आणखी गमतीचा. दोन कंपन्या घ्या. दोघींचा धंदा तंतोतंत सारखा. १०० कोटी लावायचे, वर्षाला १२ कोटी कमवायचे. पहिलीने सगळे १०० कोटी स्वतःचे घातलेत, तिचा आरओई १२ टक्के. दुसरीने स्वतःचे २५ घातले आणि ७५ कोटी ९ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले. व्याज ६.७५ कोटी, उरले ५.२५ कोटी, २५ कोटींवर ते २१ टक्के होतात. (कर बाजूला ठेवला आहे, गणित सोपं राहावं म्हणून.) 'आरओई २० टक्क्यांच्या वर' ही अट लावणाऱ्याच्या यादीत दुसरी येते, पहिली गळते. पुढच्या वर्षी मंदी आली आणि दोघींची कमाई निम्मी होऊन ६ कोटींवर आली, की पहिली ६ टक्के कमावून उभी असते आणि दुसरी तोट्यात. आरओई बघायचाच असेल तर कर्जाची अट सोबत लावा, किंवा सरळ आरओसीई, म्हणजे गुंतवलेल्या एकूण भांडवलावरचा परतावा, बघा. त्यात स्वतःचा आणि उसना पैसा एकत्र धरलेला असतो, त्यामुळे ही चलाखी चालत नाही.

पण कर्जाची अट आंधळेपणाने लावली की दुसरंच काहीतरी होतं. बँकेचा धंदाच दुसऱ्याच्या पैशावर चालतो. ठेवी म्हणजे बँकेने लोकांना देणं असलेले पैसे. त्यामुळे देशातल्या उत्तम बँकासुद्धा या अटीत नापास होतात, आणि वित्तीय कंपन्याही. निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात साधारण एक तृतीयांश वजन याच क्षेत्राचं आहे. म्हणजे एक अट टाकून आपण बाजाराचा तिसरा हिस्सा नकळत बाहेर ठेवला. बँका नकोत असं ठरवून ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. राष्ट्रीय शेअर बाजाराचा (एनएसई) 'निफ्टी २०० क्वालिटी ३०' हा निर्देशांकही अशा अटींवरच बेतलेला आहे, पण तिथे वित्तीय कंपन्यांना कर्जाचा निकष लावत नाहीत. बँकांसाठी वेगळी चाळण हवी: बुडीत कर्जाचं प्रमाण, भांडवल पर्याप्तता (दिलेल्या कर्जांच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल किती), मालमत्तेवरचा परतावा.

उंबरठ्याचाही एक त्रास आहे. पी-ई १४.९ वाली कंपनी आत, १५.१ वाली बाहेर. दोघींत फरक काय? काहीच नाही. अमेरिकेतले गुंतवणुकीचे जुने गुरू बेंजामिन ग्रॅहॅम यांनी सावध गुंतवणूकदारासाठी पी-ई १५ आणि पुस्तकी किमतीच्या (मालमत्तेतून देणी वजा करून उरते त्या रकमेच्या) दीडपट असे दोन आकडे दिले होते, पण लगेच सूटही ठेवली होती. दोन्हींचा गुणाकार २२.५च्या आत बसला तरी चालेल, म्हणजे पी-ई ९ असेल तर पुस्तकी किमतीच्या अडीचपट भावही मान्य. एका बाजूला कमी पडलं तर दुसरीकडे भरून काढता यावं. आजच्या बहुतेक स्क्रीनरमध्ये लोक हे विसरून दहा-दहा कडक अटी एकावर एक रचतात. मग यादीत दोन नावं उरतात आणि ती दोन्ही भलत्याच कारणाने पास झालेली असतात. कडक अटी वगळण्यासाठी ठेवाव्यात. निवडीसाठी गुण देऊन क्रम लावणं केव्हाही बरं.

आता साखर, कारण मराठवाड्यात साखरेचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. साखर, सळई, सिमेंट हे सगळे चढउताराचे धंदे. जालन्याच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, सळईचा भाव चढा असतो तेव्हा प्रत्येक रोलिंग मिलवाला हुशार दिसतो. नफा शिखरावर असला की पी-ईच्या भागाकारात खालचा आकडा फुगतो आणि पी-ई ५-६ वर येतो. स्क्रीनर म्हणतो, स्वस्त! बाजाराला मात्र हा नफा टिकणार नाही असं वाटत असतं, म्हणूनच तो जास्त भाव द्यायला तयार नसतो. उलट मंदीच्या तळाशी नफा नावालाच उरतो, पी-ई ६०-७० होतो आणि शेअर यादीतून गायब होतो. कित्येकदा घ्यायची वेळ तीच असते. अशा धंद्यांसाठी एका वर्षाचा नफा बिनकामाचा. सात ते दहा वर्षांची सरासरी घ्यावी लागते.

त्यात सरकारचा एखादा कागद आला की सगळंच फिरतं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऊस कमी येणार हे दिसू लागलं आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. साखर कंपन्यांचे शेअर लगेच कोसळले. आठवडाभरात बंदी थोडी सैल झाली, ही पुढची गोष्ट. पण ६ डिसेंबरला स्क्रीनर चालवला असता तर इथेनॉलच्या जोरावर वाढलेली विक्री आणि छान परतावा दिसला असता, आणि त्यातला एकही आकडा चुकीचा नसता.

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवणारा शेतकरी ते आधी चाळून फुटके, डागी दाणे काढून टाकतो, पण तेवढ्यावर पेरत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवतात ते मोजतो. सत्तरच्या खाली आले तर नुसतं गोल, टपोरं दिसण्याला काही अर्थ नसतो. स्क्रीनर चाळतो, उगवणीची तपासणी तो करत नाही. ती वार्षिक अहवालात, ग्राहकांच्या यादीत, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात आणि गेल्या पाच वर्षांत व्यवस्थापन काय म्हणालं आणि काय झालं यात करायची असते. शिवाय आकडेच खोटे असतील तर काय, हा प्रश्न राहतोच. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की बँकेतली ५,०४० कोटींची शिल्लक मुळात अस्तित्वातच नव्हती. तोवर सत्यम ही भरपूर रोकड बाळगणारी कंपनी म्हणून कुठल्याही चाळणीत सहज बसली असती.

हे सगळे दोष मी एका कंपनीपुरते मानतो आणि अभ्यासाने ते बरेच कमी होतात. पोर्टफोलिओचा दोष वेगळ्या जातीचा आहे. तिथे प्रत्येक कंपनी चांगली असूनही यादी वाईट असू शकते.

लातूरकडचे एक कृषी सेवा केंद्रवाले काका, स्वभावाने हिशोबी माणूस. स्क्रीनर लावून शेअर घेतले. यादी मला दाखवली आणि म्हणाले, "सर, फिल्टरमधून तर सगळे पास झालेत, मंग एकदाच सगळे खाली कामून जायलेत?" यादीत दोन साखर कंपन्या होत्या, एक खताची, एक कीटकनाशकाची, एक ट्रॅक्टरची, एक पाइप आणि ठिबकवाली, आणि ग्रामीण भागात कर्ज देणारी एक वित्तीय कंपनी. एकेक नाव घेऊन बोलायचं तर खोट काढावी असं फारसं काही नव्हतं. पण त्या सगळ्या कंपन्या पावसावर चालतात. पावसाने ओढ दिली की खत कमी खपतं, ट्रॅक्टरची बुकिंग रद्द होतात, ऊस वाळतो, कर्जाचे हप्ते थकतात. हे सातही शेअर कागदावर सात होते. खरं तर ती एकच मोठी पैज होती, यंदा पाऊस चांगला होईल अशी.

आणि काकांच्या दुकानात उधारीची वही असते ती वेगळीच. जूनमध्ये बियाणं-खत उधार जातं, सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे वसूल होतं. पीक गेलं तर वही अडकते. म्हणजे दुष्काळी वर्षात वसुली थांबणार, पुढच्या हंगामाला माल भरायला पैसे लागणार, आणि शेअर विकायला जावं तर तेही त्याच वर्षी पडलेले. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. असं वर्ष परत येणारच नाही असं धरून चालणं इथल्या माणसाला परवडत नाही. काकांना हव्या होत्या औषध कंपन्या, सॉफ्टवेअर, निर्यात करणारे, ज्यांना लातूरच्या पावसाशी देणंघेणं नाही असे धंदे. स्क्रीनरमध्ये 'माझ्या धंद्याशी संबंध नसलेल्या' असा फिल्टर नसतो. तो स्वतःच लावावा लागतो.

हीच गोष्ट वाळूजला वेगळ्या रूपात घडते. बजाज ऑटोचा तिथला कारखाना १९८५ चा. त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारे उभे राहिले. त्यातल्या एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या दोन मोठ्या कंपन्या जैन जुळ्या भावांच्या. पहिली २०१६ मध्ये बाजारात नोंदली गेली, दुसरी २०१८ मध्ये. दोघींचा भारतातला सर्वांत मोठा ग्राहक बजाज ऑटोच राहिलेला आहे. आता वाळूजलाच नोकरी, बजाजनगरात घर, जवळच एखादा प्लॉट आणि डिमॅटमध्ये बजाज, एन्ड्युरन्स, व्हॅरॉक असं असलेला माणूस धरा. दुचाकींची विक्री मंदावली तर ओव्हरटाइम बंद, भाडेकरू कमी, प्लॉटला गिऱ्हाईक नाही आणि शेअरही खाली. त्याने तीन चांगल्या कंपन्या निवडल्या असतील, पण त्याची नोकरीच आधीपासून वाहन उद्योगात गुंतलेली आहे. (जाता जाता, व्हॅरॉकचे आकडे बघताना स्वतंत्र ताळेबंद (फक्त मूळ कंपनीचा) की एकत्रित (उपकंपन्या धरून), हे तपासा. अमेरिका-युरोपातला चारचाकींच्या दिव्यांचा धंदा कंपनीने २०२२ मध्ये विकायला काढला, आणि त्या काळातले दोन ताळेबंद दोन वेगळ्या कंपन्यांचे वाटावेत इतके निराळे होते. चुकीचा निवडला की सगळे निकष हुकतात.)

किती पैसे कशात घालायचे, यावरही स्क्रीनर गप्प असतो. ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या यादीप्रमाणे बाजारमूल्यात पहिल्या १०० कंपन्या लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप आणि त्यापुढच्या सगळ्या स्मॉलकॅप. पाच हजारांतून चाळायचं तर संख्येच्या जोरावरच बहुतेक नावं स्मॉलकॅप येणार. त्यात सारखे पैसे वाटले की नकळत सगळा भार लहान कंपन्यांवर पडतो, आणि बाजार पडला की हेच शेअर लोअर सर्किटला, म्हणजे दिवसभरात भाव पडायच्या ठरलेल्या मर्यादेला, अडकून बसतात. माझा स्वतःचा अंदाज असा की एका क्षेत्रात एकूण रकमेच्या पाव हिश्श्याहून जास्त नको, एका लहान कंपनीत तीन-चार टक्क्यांहून जास्त नको. हे आकडे कुठल्या नियमात नाहीत. कुणाला थोडे इकडेतिकडे करावेसे वाटले तर वाद नाही.

'या अटींनी दहा वर्षांत पैसे आठपट झाले असते' असे जे तक्ते फिरतात त्यांच्याकडे जरा संशयाने बघा. बऱ्याचदा ते आज बाजारात असलेल्या कंपन्यांवरच तपासलेले असतात. बुडून बाजारातून बाहेर गेलेल्या त्यात नसतात, त्यामुळे जुना काळ होता त्यापेक्षा गोड दिसतो. कधी ३१ मार्चचे आकडे वापरून १ एप्रिलला शेअर घेतल्याचं दाखवतात, जे आकडे तेव्हा कंपनीबाहेर कुणाला माहीतच नसतात. आणि शंभर अटी करून बघितल्या तर एखादी जुन्या आकड्यांवर फिट बसतेच.

दर महिन्याला यादी नव्याने काढून अदलाबदल करणाऱ्यांना कराचाही फटका बसतो. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढे १२.५ टक्के. ज्याला अहवाल वाचायला वेळच नाही त्याने स्क्रीनरच्या नादी लागण्यापेक्षा क्वालिटी, व्हॅल्यू अशा नियमांवर चालणारे इंडेक्स फंड (एखाद्या निर्देशांकातलेच शेअर घेणारे फंड) बघावेत. चाळणी तिथेही आहेच, पण प्रत्येक शेअरच्या वजनाला मर्यादा घालून दिलेली असते आणि अदलाबदल फंडाच्या आत होते.

स्वतः करायचं असेल तर वर्षातून दोनदा पुरे. वार्षिक निकाल जाहीर करायला कंपन्यांना ६० दिवस मिळतात, म्हणजे मार्चचे आकडे ३० मेपर्यंत येतात. सप्टेंबर तिमाहीचे ४५ दिवसांत, १४ नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर वगळायच्या अटी लावा, उरलेल्यांना क्रम द्या, वरच्या तीसेक नावांचे अहवाल उघडा, आणि जी आवडतील त्यांच्यापुढे पेन्सिलीने एकच गोष्ट लिहा: ही कंपनी कशावर चालते? पाऊस, दुचाकी, डॉलर, व्याजदर, सरकारी कंत्राट. एकच शब्द चार-पाचदा आला तर त्यातली दोन-तीन नावं कमी करा, आणि जो शब्द तुमच्या पगाराला किंवा दुकानाला लागू आहे त्यातलं एखादंच ठेवा. जूनमध्ये पेरणीची घाई असेल तर हे काम जुलैत केलं तरी चालतं. वर्षाचे आकडे तोवर बदलत नाहीत, फक्त भाव ताजे घ्या.